आधी वैरण, मग पेंड



संध्याकाळची धार आटोपून, कॅन डेअरीवर घालून तुम्ही आत्ता रेडिओजवळ बसला असाल असं धरून बोलतो. खिशात आजची पावती असेल. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर. आपल्याकडे गाईच्या दुधाचा मूळ दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, आणि त्याखाली पॉइंट उतरला की पैसे कापले जातात. फॅट उतरला की पहिला संशय मशीनवर जातो, दुसरा काट्यावर बसलेल्या पोरावर आणि तिसरा गाईच्या जातीवर. गव्हाणीवर संशय घेणारा माणूस क्वचित भेटतो. आज मला त्या गव्हाणीबद्दलच बोलायचंय.

संगमनेरच्या बाजूला एका गोठ्यावर एक वहिनी मला म्हणाल्या, "डॉक्टर, गाईला पेंड दोन किलोनं वाढवली. दूध अर्धा लिटर वाढलं आणि फॅट 2.8 वर आला. पेंडीत भेसळ हाय का बघा." मी पेंडीचं पोतं पाहिलं, त्यात काही वावगं नव्हतं. मग विचारलं, पेंड देता कशी? तर सकाळी धारेच्या वेळी चार किलो गोळी पेंड एकदम, वर थोडा कोवळा हिरवा मका, संध्याकाळी पुन्हा तसंच. कडब्याची गंजी गोठ्याच्या मागे शाबूत होती. "महाग झालाय, म्हणून पुरवून वापरतोय," असं उत्तर आलं. थोडक्यात, महागाची पेंड गाईला आणि स्वस्ताचा कडबा गंजीला. फॅट कुठे गेला याचं उत्तर त्या गंजीतच होतं.

हे नीट समजायचं तर गाईच्या पोटात डोकवावं लागेल. तिच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईचं कोटीपोट म्हणजे शंभर-सव्वाशे लिटरचं, सतत ढवळलं जाणारं आंबवणाचं पिंप समजा. त्यात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जीवजंतू असतात. कडबा पचवणं गाईला स्वतःला जमत नाही, तुम्हा-आम्हालाही जमत नाही. ते काम हे जंतू करतात. तुम्ही गव्हाणीत टाकता ते आधी या जंतूंचं जेवण होतं आणि त्यांनी जे तयार केलं त्यावर गाय जगते. पुढे हेच जंतू आतड्यात उतरून पचतात आणि गाईला लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग त्यांच्यातूनच मिळतो.

आता या जंतूंमध्ये दोन तऱ्हा आहेत. कडबा, घास, मका यांतला चोथा खाणारे जंतू जे आम्ल तयार करतात, त्यापासून कासेत फॅट बनतो. भरडा, पेंड, धान्य खाणारे जंतू वेगळं आम्ल बनवतात. त्याची यकृतात साखर होते आणि ती साखर कासेत दुधातली साखर होते. दुधात साखरेचं प्रमाण जवळजवळ कायम असतं. जितकी साखर कासेत तयार होईल, तितकं पाणी ती ओढून घेते. म्हणून पेंडीनं लिटर वाढतं आणि चोथ्यानं फॅट टिकतो. त्या वहिनींच्या पावतीवर नेमकं हेच उतरलं होतं.

पेंड वाढवून चोथा कमी केला, तर फक्त फॅट जातो असंही नाही. चोथा असला की गाय रवंथ करते, रवंथ केला की लाळ सुटते. चांगली दुभती गाय दिवसात शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. त्या लाळेत खाण्याचा सोडा असतो आणि तो पोटातलं आम्ल मारत राहतो. चार किलो पेंड एका दमात गेली आणि चघळायला काही नसलं, तर आम्ल वाढतं, चोथा पचवणारे जंतू मरू लागतात, गाय चारा सोडते, शेण पातळ पडतं, पुढे खुरांना सूज येते. डॉक्टर लंगडण्यावर इंजेक्शन देतात आणि मूळ दुखणं गव्हाणीत तसंच राहतं.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला आवाज न करता गोठ्यात जा. बसलेल्या गाई मोजा. दहा बसल्या असतील तर त्यातल्या निदान पाच-सहांचं तोंड हललं पाहिजे. मग एकीसमोर उभे राहा आणि एक घास वर आल्यापासून ती तो गिळेपर्यंत किती वेळा चावते ते मोजा. पन्नास-साठ वेळा चावत असेल तर पोट ठीक आहे. तीस-पस्तीसवर आटपत असेल तर वैरण कमी पडतेय, किंवा कुट्टी फार बारीक झालीय. कुट्टी साधारण इंचभर ठेवा. पिठासारखी कुट्टी वाया जात नाही हे खरं, पण ती चावावी लागत नाही, मग उपयोग काय? जाता जाता शेणही पाहा. मक्याचे दाणे आख्खे दिसत असतील किंवा शेणावर फेस असेल, तर तुमचे पैसे उकिरड्यावर चाललेत.

एक गोष्ट आपण विसरतो. 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि त्यानंतरच्या काळात संकरित गाई गावोगाव आल्या. गाय बदलली, गव्हाण मात्र कित्येक ठिकाणी जुनीच राहिली. खिल्लार किंवा डांगी गाय रानात चरून वासरापुरतं आणि घरापुरतं दूध देते, तिचं त्यात भागतं. 15 लिटर देणारी होल्स्टिन संकरित गाय रोज सुमारे अर्धा किलो फॅट, जवळपास तितकंच प्रथिन आणि पाऊण किलोच्या आसपास साखर शरीराबाहेर टाकते. एवढं सगळं बांधावरच्या गवतातून येणार नाही.

मग द्यायचं किती? 400 किलो वजनाची, 12 लिटर दूध देणारी गाय धरू. तिला वजनाच्या तीन-सव्वातीन टक्के, म्हणजे दिवसाला 12 ते 13 किलो कोरडा चारा पोटात गेला पाहिजे. कोरडा म्हणजे पाणी वजा करून. इथंच गफलत होते. 25 किलो हिरवा चारा टाकला की गव्हाण भरलेली दिसते, पण त्यात 20 किलो पाणी असतं. हातात उरतं पाच किलो. म्हणून त्या 25 किलोंमध्ये 20 किलो मका किंवा फुले जयवंतसारखं हत्तीगवत आणि पाच किलो लसूणघास घ्या, जोडीला तीन किलो कडब्याची कुट्टी. आंबोणाचा, म्हणजे पेंड-भरड्याचा, साधा ठोकताळा असा: शरीर पोसायला एक किलो आणि वर दर लिटर दुधाला 400 ग्रॅम. म्हणजे या गाईला पावणेसहा-सहा किलो. म्हशीला लिटरमागे अर्धा किलो धरा. हे आंबोण दोन वेळांऐवजी तीन-चार वेळांत वाटून द्या, आणि सकाळी पेंडीआधी थोडी वैरण पोटात जाऊ द्या. घास भरपूर आणि चांगला असेल तर आंबोणात कपात करता येते. प्रथिन घासात असतंच, तेच पुन्हा सरकी पेंडीतून विकत कशाला घ्यायचं? दूध उत्पादनाच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो. तेव्हा हा प्रश्न गाईइतकाच तुमच्या खिशाचाही आहे.

पण नुसता घास नको. दव असलेला कोवळा घास उपाशी गाईनं पोटभर खाल्ला की पोट फुगतं. ज्वारीचंही तसंच. पोटरीत यायच्या आधीची, पावसाच्या ताणातली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले कोंब गाईच्या तोंडी गेले तर किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि डॉक्टर येईपर्यंत जनावर हातचं जातं. फुलोऱ्यात आल्याशिवाय ज्वारी कापूच नका.

आता उसाच्या वाढ्यांबद्दल. ऊसपट्ट्यात, म्हणजे नगर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याला, कारखाने सुरू झाले की चार-पाच महिने गव्हाणीत वाढ्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही. फुकट किंवा नाममात्र पैशात मिळतात, हिरवीगार दिसतात, गाय आवडीनं खाते. त्यांत प्रथिन फार कमी आणि ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं. हे ऑक्झलेट पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. म्हणजे तुम्ही क्षार मिश्रण विकत आणून घालता आणि वाढं ते उकिरड्यावर पोचवतं. सीझन संपता संपता गाई माजावर येत नाहीत, व्यायला आल्या तर उठत नाहीत, ही तक्रार दरवर्षी येते. वाढी बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे तेवढंच आहे त्याला असं सांगणं म्हणजे थट्टा. कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, निम्म्याच्या वर वाढी देऊ नका, उरलेलं कडबा, घास, सोयाबीन किंवा हरभऱ्याच्या भुसकटानं भरून काढा.

वाढ्यांवर खरा उपाय मुरघास. मका चिकात आला, दाण्यावर नख दाबलं तर दूध घट्ट झालेलं दिसलं, की कापायचा, कुट्टी करायची, खड्ड्यात किंवा बॅगेत दाबून-दाबून भरायचा, हवा राहू द्यायची नाही. दीड महिन्यानं उघडा. वास आंबूस-गोड आला पाहिजे. काळा पडलेला, बुरशीचा थर सरळ फेकून द्या, मन मोठं करा. बुरशी लागलेल्या पेंडीचंही तेच. तिच्यातलं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं, आणि ते दूध तुमचीच नातवंडं पितात.

आता व्यायच्या काळाबद्दल, कारण वर्षभराचं दूध तिथंच ठरतं. गाय दोन महिने आटवलीच पाहिजे. शेवटच्या तीन आठवड्यांत आंबोण हळूहळू दीड-दोन किलोवर न्या, म्हणजे पोटातल्या जंतूंना सवय होते. कुठलंही खाद्य बदलायचं तर त्यांना दहा-पंधरा दिवस लागतात. मात्र याच काळात चांगुलपणानं कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. गाईच्या रक्तात सगळं मिळून जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. व्याल्यावर दहा लिटर चीक काढला, की त्यातून वीस ग्रॅमच्या वर कॅल्शियम निघून जातं. ते गाईनं स्वतःच्या हाडांतून काढायचं असतं. आधी बाहेरून भरपूर मिळत राहिलं तर हाडांना ती सवयच राहत नाही, आणि व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी गाय मान पोटाकडे वळवून बसते. तो दुग्धज्वर. तिथं मात्र कॅल्शियमची सलाईन डॉक्टरांकडून तातडीनं, हळूहळू द्यावी लागते. चारा-पाण्यातून कॅल्शियम द्यायचं ते व्याल्यावर, भरपूर.

व्याल्यानंतर दूध सहा ते आठ आठवड्यांत शिखरावर जातं, भूक मात्र त्याच्यामागून वाढते. मधल्या काळात गाय स्वतःची चरबी जाळून दूध देते. तुम्ही तिच्यापुढे सकस चारा ठेवला नाही तर ती वाळते, किटोसिस होतो, माज लांबतो. शिखरावर एक लिटर जास्त मिळालं तर अख्ख्या वेतात जवळपास दोनशे लिटर जास्त मिळतं. म्हणून खर्च करायचा तो याच काळात करा. सहा महिन्यांनी, गाय उतरणीला लागल्यावर पेंड वाढवून काही होत नाही, फक्त तिचं वजन वाढतं.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. दुधात 87 टक्के पाणी असतं. गाईला दिवसातून दोनदा बादली दाखवणं म्हणजे दूध तोडणं. मुक्त गोठ्यात हौद चोवीस तास भरलेला असला, तर बाकी काही न बदलता दूध वाढलेलं मी पाहिलंय. उन्हाळ्यात चारा पहाटे आणि रात्री टाका, दुपारी गाय खात नाही. क्षार मिश्रण रोज 50 ते 60 ग्रॅम, चिमूटभर नव्हे.

आणि सणासुदीचं. वसुबारसेला गाईला घासभर पुरणपोळी दिलीत तर तिचं काही बिघडत नाही. पण लग्नातला उरलेला भात, जिलेबी, पोळ्यांचं टोपलं तिच्यापुढे रिकामं करणं म्हणजे पुण्य नव्हे. दर लग्नसराईत अशा गाई पोट भरून, डोळे खोल जाऊन दवाखान्यात येतात, आणि काही परत जात नाहीत.

आता एकच काम सांगतो. उद्या बाजारातून एक ताणकाटा आणा. सकाळी गव्हाणीत टाकाल तो चारा, पेंड, कुट्टी मोजून वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजून वजा करा, आणि शेजारी डेअरीची पावती चिकटवा. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.