उमेदवार ताईची वही

गटात आम्ही दहा रुपयांचाही हिशेब लिहितो. पण आमच्यातली एक ताई ग्रामपंचायतीला उभी राहिली, तेव्हा पत्रकं, रिक्षा, चहापाणी कुणीच लिहिलं नाही. निकालानंतर तीस दिवसांत खर्च सादर केला नाही, तर अपात्र ठरवतात. शेवटच्या आठवड्यात आम्ही पावत्या गोळा करत इंदापूरभर फिरलो.

लोकसभेला उमेदवाराची मर्यादा ९५ लाख. पक्षाला मर्यादाच नाही! १९९८मध्ये इंद्रजित गुप्ता समितीनं सुचवलं होतं, की सरकारनं मान्यताप्राप्त पक्षांना रोख नको, वस्तुरूपानं मदत द्यावी. अपक्षांना मात्र काही नाही. आणि ग्रामपंचायत तर पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. मग आमच्या ताईला काय मिळणार?

तोवर आम्ही ठरवलंय, अर्ज भरायच्या दिवशीच नवी वही घालायची. जी उभी राहणार असेल, तिनं पुढच्या बैठकीला सांगावं.