पाळीव कुत्र्या-मांजरांची नोंदणी : मालकाचे कर्तव्य



गायी-म्हशींच्या कानातील पिवळा बिल्ला आता खेडोपाडी सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्यावरील बारा अंकी क्रमांकावरून जनावर कोणाचे व त्याला लस केव्हा टोचली, याचा उलगडा होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि लाळ-खुरकूत लसीकरणाबरोबर या कामास देशभर गती मिळाली. परंतु त्याच गोठ्याची राखण करणारा कुत्रा आणि चुलीपाशी निजणारे मांजर यांची मात्र बहुधा कोणत्याच दप्तरी नोंद नसते.

ही उणीव जाणवते ती कुत्रा चावल्यावर. जखमी मूल आरोग्य केंद्रात आणले जाते, तेव्हा कुत्रा कोणाचा आणि त्याला लस दिली होती काय, हे प्रश्न प्रथम उभे राहतात. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब लस घेणे, हे तर प्रत्येक वेळी केलेच पाहिजे. उत्तराची वाट पाहत उपचार थांबविता येत नाहीत. मात्र चावलेला कुत्रा वा मांजर ओळखीचे असेल, तर त्यास दहा दिवस नजरेखाली ठेवता येते. त्या अवधीत ते निरोगी राहिले, तर पुढील उपचारांविषयी डॉक्टरांना निर्णय घेता येतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत रोग कुत्र्यांमार्फत येतो. आणि जगातील अशा मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यावरून नोंदणीचे महत्त्व ध्यानी येईल.

नोंदणीला कायमची जोड देणारे साधन म्हणजे मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही कुपी पशुवैद्यक सुईने प्राण्याच्या दोन्ही खांद्यांमधील कातडीखाली बसवितात. लस टोचताना होते त्याहून फारशी अधिक वेदना होत नाही, आणि भूल देण्याची सहसा गरज पडत नाही. तिच्यात विद्युतघट नसतो. वाचकयंत्र जवळ धरले, की त्याच्या लहरींनी ती क्षणभर जागृत होते आणि आपला पंधरा अंकी क्रमांक कळविते. गळपट्टा तुटतो, बिल्ला हरवतो; हा क्रमांक मात्र सहसा जन्मभर टिकतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हरवलेला प्राणी कोठे आहे, हे चिप सांगत नाही. मालकाचे नाव-गावही तिच्यात नसते. ती केवळ क्रमांक सांगते. त्या क्रमांकासमोर वहीत किंवा संगणकात मालकाचा आजचा पत्ता व दूरध्वनी असेल, तरच प्राणी घरी पोहोचेल. मालकाने घर बदलले, प्राणी दुसऱ्यास दिला किंवा तो मरण पावला, तर नोंद बदलणे हे मालकाचेच काम आहे. जुन्या पत्त्याची चिप आणि चिप नसणे, यांत व्यवहारतः फारसा भेद उरत नाही.

इंग्लंडचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये कुत्र्याचा जुना परवाना १९८७ साली रद्द झाला. पुढे इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि १० जून २०२४ पासून मांजरांनाही चिप सक्तीची झाली. तेथे केवळ चिप बसविल्याने मालकाचे कर्तव्य संपत नाही; नोंद अद्ययावत ठेवणेही बंधनकारक आहे.

आपल्याकडे अनेक महानगरपालिका कुत्रा पाळण्यासाठी परवाना देतात. पुणे महानगरपालिकेने २०२२ साली मांजरांच्या नोंदणीचाही निर्णय घेतला. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन व निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणारा मालक भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये शिक्षेस पात्र ठरतो. शेजारच्या गोव्यात अनेक वर्षे नेटाने कुत्र्यांचे लसीकरण झाले, लोकशिक्षण झाले, रोगावर पाळत राहिली. आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हे काम शासन व नागरिक यांच्या सहकार्यानेच साधते.

चिपची सोय प्रत्येक गावी लगेच होईल असे नाही. पण नोंदवहीला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. मालकाचे नाव, प्राण्याचा रंग व खुणा, वय, लसीची तारीख, निर्बीजीकरण झाले की नाही आणि असल्यास चिपचा क्रमांक, एवढे रकाने पुरेत. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वर्षातून एकदा लसीकरणाचा दिवस ठरवावा आणि त्याच दिवशी वही तपासावी. पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची पहिली लस द्यावी, पुढील मात्रा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरवाव्यात. कुत्रा चावल्यास तो घरी लपवू नये, हे शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावे. मुलांकडून ते घरोघर पोहोचेल.

राखणीसाठी कुत्रा हवा, उंदरांसाठी मांजर हवे, आणि त्यांची जबाबदारी मात्र गावाची, हा न्याय नव्हे. ज्याच्या दारी प्राणी जेवतो, त्याचेच नाव त्याच्यापुढे लिहिलेले असावे. ते नाव लिहून घेण्याचे काम येत्या ग्रामसभेपासून सुरू होऊ शकते.