भाड्याच्या बिऱ्हाडातले मराठी संकेतस्थळ



साहित्याच्या व्यासपीठावर सर्व्हरची गोष्ट कशाला, असे कार्यक्रमपत्रिका पाहून काहींना वाटले असेल. मी मराठी साहित्य शिकवते. संगणकशास्त्र ही माझी विद्याशाखा नाही. पण बडोद्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठी नांदलेल्या शहरात मंडळांचे जुने अंक, ग्रंथालयांच्या सूची आणि स्पर्धांसाठी आलेल्या कथा आता संकेतस्थळांवर जात आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तक वाचकाच्या हाती देणे आणि ते सांभाळणे ही ग्रंथालयाची जोडकामे आहेत. संकेतस्थळाचीही तीच आहेत.

आमच्या विभागातल्या विद्यार्थ्यांनी जुन्या नियतकालिकांची सूची तयार केली आणि ती लोकांपुढे मांडण्यासाठी लाराव्हेल वापरून संकेतस्थळ बांधले. पीएचपी ही भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर आणली. लाराव्हेल हा त्याच भाषेतला बांधणीचा सांगाडा. तो टेलर ऑटवेल यांनी २०११ मध्ये उपलब्ध करून दिला. वाचकांची नोंदणी, लॉगिन, शोध अशा गोष्टी त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून लिहाव्या लागत नाहीत. सांगाडा चांगला आहे. प्रश्न येतो तो संकेतस्थळ राहायला कुठे आणि कसे जाते याचा.

आपल्या संस्थांचे अंदाजपत्रक पाहता ते शेअर्ड होस्टिंगवरच जाते. म्हणजे एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची खाती. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे असत तसेच हे. जिना एक, अंगण एक, पण प्रत्येकाचे दार स्वतःचे. वाड्यात राहणे कमीपणाचे नव्हते आणि शेअर्ड होस्टिंग घेणेही नाही. मात्र दाराला कडी कुणी लावायची, याचे उत्तर बिऱ्हाडकरूने स्वतः द्यायचे असते.

त्या बिऱ्हाडाची ओसरी म्हणजे ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाचे फोल्डर. त्यात ठेवलेली फाईल, वेगळी अडवणूक केलेली नसेल तर, जगातल्या कुणालाही पत्ता टाकून मागता येते. लाराव्हेलचे माजघर मोठे असते: मूळ कार्यक्रम, मांडणीच्या फाईली, इतरांकडून घेतलेली पॅकेजेस, नोंदींच्या वह्या. ओसरीवर यायला हवे ते फक्त ‘पब्लिक’ नावाचे छोटे फोल्डर. त्यात चित्रे, शैलीच्या फाईली आणि ‘इंडेक्स’ नावाची एक फाईल असते. येणारा प्रत्येक जण त्या एकाच दाराने आत यावा, अशी मूळ रचनाच आहे.

पण ओसरी एकच दिसते म्हणून घाईत अनेक जण सगळे सामान तिथेच आणून टाकतात. संकेतस्थळ चालू होते आणि मग कुणी फिरून पाहत नाही. योग्य रीत अशी. सगळा प्रकल्प ‘पब्लिक एचटीएमएल’च्या बाहेर, त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवावा. जोडलेल्या डोमेनसाठी किंवा उपडोमेनसाठी मूळ फोल्डर निवडू देणारे होस्टिंग असेल, तर थेट प्रकल्पातल्या ‘पब्लिक’कडे बोट दाखवावे. ती सोय नसेल तर फक्त ‘पब्लिक’मधल्या फाईली ओसरीवर आणाव्या, ‘इंडेक्स’ फाईलमधल्या आतली वाट सांगणाऱ्या ओळी बदलाव्या आणि सार्वजनिक फोल्डरचा नवा पत्ता लाराव्हेललाही कळवावा. काम अर्ध्या तासाचे आहे.

ओसरीवर सामान टाकल्याने काय होते? प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट ईएनव्ही’ नावाची फाईल असते. डेटाबेसचे नाव, पासवर्ड, ईमेल खात्याचा पासवर्ड आणि लाराव्हेलची गुप्त किल्ली तिच्यात साध्या मजकुरात लिहिलेली असते. ही फाईल उघड्यावर असेल तर ती शोधायला माणूस लागत नाही. अशा नावांच्या फाईली मागत फिरणारे स्वयंचलित कार्यक्रम रात्रंदिवस चालू असतात. गुप्त किल्ली हाती लागली की लाराव्हेलने कूटबद्ध केलेल्या कुकीज उलगडता येतात आणि खोट्या बनवताही येतात. फाईल एकदा उघडी पडली तर नुसती हलवून भागत नाही. सगळे पासवर्ड आणि किल्ली बदलावी लागते. किल्ली बदलल्यावर जुन्या किल्लीने कूटबद्ध केलेला मजकूर नुसत्या नव्या किल्लीने वाचता येत नाही, हेही आधी ध्यानात घ्यावे.

पॅकेजेसच्या ‘व्हेंडर’ फोल्डरचे तेच. पीएचपीयुनिट हे चाचणीचे पॅकेज. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत एक फाईल अशी होती की ती बाहेरून उघडता आली तर धाडलेला कोणताही आदेश चालवी. हा दोष २०१७ मध्ये जाहीर झाला. ज्यांचे ‘व्हेंडर’ माजघरात होते त्यांच्याकडे ती फाईल बाहेरून मागताच येत नव्हती. शिवाय चाचणीची पॅकेजेस प्रत्यक्ष सर्व्हरवर न्यायचीच नसतात. कंपोझरला तसे सांगता येते. होस्टिंगवर आदेश देण्याची सोय नसेल, तर ‘व्हेंडर’ आपल्या संगणकावर तयार करून मग चढवावे. चढवताना साध्या एफटीपीऐवजी एसएफटीपी वापरावे, कारण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो.

दुसरी कडी ‘डीबग’ची. घरी काम करताना चूक कुठे झाली हे सविस्तर दाखवणारे पान उपयोगी असते. लोकांपुढे तेच पान आतल्या फाईलींच्या वाटा आणि कधी गुप्त माहितीही वाचून दाखवते. लाराव्हेलसोबत तेव्हा येणाऱ्या ‘इग्निशन’ या पॅकेजमध्ये २०२१ मध्ये उघड झालेल्या दोषामुळे, डीबग चालू असलेल्या संकेतस्थळावर बाहेरच्याला स्वतःचा कार्यक्रम चालवता येत होता. म्हणून प्रत्यक्ष सर्व्हरवर डीबग बंद. वाचकाला ‘क्षमस्व, काही अडचण आली आहे’ एवढे मराठी वाक्य पुरे. तपशील नोंदवहीत जाऊ द्यावा.

तिसरी कडी परवानग्यांची. काही चालेनासे झाले की ‘७७७ करून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. ७७७ म्हणजे वाचणे, लिहिणे, चालवणे या तिन्ही गोष्टी सर्व्हरवरच्या सगळ्यांना मोकळ्या. वाड्याच्या भिंती कच्च्या असतील, तर शेजारच्या बिऱ्हाडात शिरलेला चोर तुमच्याही घरात येतो. फोल्डरांना ७५५, फाईलींना ६४४ आणि ‘डॉट ईएनव्ही’ला शक्य तिथे ६००, एवढ्यावर सहसा काम भागते. लाराव्हेलला लिहायला लागतात ती ‘स्टोरेज’ आणि ‘बूटस्ट्रॅप’मधले ‘कॅश’ ही दोनच ठिकाणे.

एचटीटीपीएसबद्दल आता सबब उरलेली नाही. लेट्स एन्क्रिप्ट प्रमाणपत्र फुकट देते. त्याची मुदत थोडी असते, म्हणून आपोआप नूतनीकरण होते आहे ना, हे पाहावे. पीएचपीची आवृत्तीही पाहावी. ७.४ या आवृत्तीला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती २०२२ मध्येच थांबली, तरी तिच्यावर चालणारी संकेतस्थळे अजून भेटतात.

हे सगळे आपल्याला का लागू? एका संस्थेचे संकेतस्थळ मी पाहत असे. एके दिवशी तिथल्या कवितांच्या पानांवर परभाषेतल्या जुगाराच्या जाहिराती उगवल्या. दुरुस्तीसाठी विचारले तर कळले, ते बांधणारा विद्यार्थी पदवी घेऊन दुसऱ्या शहरात गेला, पासवर्ड त्याच्या ईमेलवर येतो आणि प्रत कुणाकडेच नाही. काही जुन्या अंकांची छायाचित्रे फक्त तिथे होती. कागद आधीच जीर्ण होऊन गेले होते. कुणी वाईट हेतूने वागले नव्हते. महाराष्ट्राबाहेर ज्या अंकाची एकच प्रत उरते, तो अंक असा हरवला तर पुन्हा मिळत नाही.

आणि प्रश्न फक्त अंकांचा नाही. वाचक विश्वासाने फोन क्रमांक देतो, नवी लेखिका अप्रकाशित कथा धाडते. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कायदा नसता तरी, कुणाची वही आपल्या कपाटात ठेवून घेतली की कपाटाला कुलूप लावणे आलेच. धाडलेल्या कथा ‘स्टोरेज’मध्ये, माजघरातच राहाव्यात, लॉगिन तपासूनच त्या दाखवाव्यात.

म्हणून संस्थाचालकांना माझी विनंती आहे. होस्टिंग आणि डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. डेटाबेस आणि चढवलेल्या फाईली या दोन्हींची प्रत दर महिन्याला सर्व्हरबाहेर ठेवा आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून, पुन्हा बसवून पाहा. मराठी मजकुराचे हे विशेष आहे: अक्षरसंच चुकला तर ‘ज्ञ’ आणि ‘ऱ्ह’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते आणि प्रत आहे हे समाधान फोल ठरते. युटीएफ-८ एमबी-४ हा अक्षरसंच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असू द्या.

विद्यार्थ्यांना एक सांगणे. तुम्ही बांधलेल्या संकेतस्थळाची टाचणवही मराठीत लिहा. कोणते फोल्डर कुठे आहे, का आहे, काय बदलले, कोणत्या तारखेला. पासवर्ड त्यात लिहू नका. ते कुणाकडे आहेत ते लिहा. हेही गद्यलेखनच आहे आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या अनोळखी मुलीसाठी ते लिहायचे आहे. माझ्या वर्गात त्या वहीला आता गुण आहेत.

आणि अध्यापकांनो, आपल्याला पीएचपी यायलाच हवी असे नाही. पण तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत: ओसरीवर काय ठेवले आहे, किल्ली कुणाकडे आहे आणि प्रत शेवटची कधी उघडून पाहिली? आज घरी गेल्यावर आपापल्या संस्थेत हे तीन प्रश्न विचारून पाहा. उत्तर देणारा माणूस सापडला नाही, तर कामाची सुरुवात तिथूनच करा.