मल्टिपल स्क्लेरोसिस आणि ताणाचं संप्रेरक

दिंडोशीत बसची वाट पाहताना एका डोळ्याला अंधुक दिसू लागलं किंवा पाय बधिर झाला आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर थकवा समजून सोडून देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसमध्ये प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावरच हल्ला करते.

या प्रतिकारशक्तीला आवर घालतं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. एमएसच्या अनेक रुग्णांत ही साखळी जास्त सक्रिय आढळते, तरीही दाह शमत नाही. म्हणून आजार उसळला की बहुधा ३ ते ५ दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलसारखं काम करणारं स्टिरॉइड शिरेतून देतात. स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर मनानं अचानक थांबवू नका. शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती तेव्हा मंदावलेली असते.

मोठ्या ताणानंतर आजार उसळण्याची शक्यता वाढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण ‘फार काळजी करतेस म्हणून झालं’ असं रुग्णाला कधीही ऐकवू नका. ताण हे आजाराचं एकमेव मूळ नाही.

मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांच्या पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातही एमएसचा समावेश आहे. त्यातले हक्क जरूर मागा.