पत्त्यांचा खेळ आणि पंचमीचा फेर



जपानांत नववर्षाच्या दिवसांत घरांतील मंडळी चटईवर पत्ते मांडून बसतात. शंभर कवींच्या शंभर जुन्या कविता. एकजण कविता वाचूं लागतो आणि तिच्या उत्तरार्धाचा पत्ता जो आधीं उचलील त्याची सरशी. तेराव्या शतकांत फुजिवारा नो तेइका या कवीनें ही निवड केली असें मानतात. इतक्या जुन्या कविता तेथील पोरें पाठ करितात त्या केवळ परीक्षेकरितां नव्हेत, तर आजीच्या आधीं पत्ता झडपावा म्हणून! मुलांकडून कविता घोकून घेण्यांत माझा जन्म गेला; ही युक्ति मला सुचली नाहीं, हें कबूल करितों.

ऑगस्टांत पितर घरीं येतात अशी तिकडील समजूत. त्या वेळीं पटांगणांत मचाण उभारून ढोल वाजवितात आणि भोंवतीं फेर धरितात. पाहणाऱ्यानेंही फेरांत शिरावें अशी रीत आहे. हल्लीं गाणें पुष्कळदां ध्वनिक्षेपकावरून येतें. पाय मात्र ज्याचे त्यानेंच हालवावयाचे. १९७१ सालीं कोबे शहरीं दाइसुके इनोउए यांनीं कराओकेचें यंत्र बनविलें, तेंही असेंच. यंत्रानें साथ करावी, गावें माणसानें. आपण आणलेलीं बहुतेक यंत्रें गातातही तींच, आपण सोफ्यावर.

मी सास्तूरचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांव निजलें असतां, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीचीं माळवदें यांखालींच माणसें गेलीं. पुढें नवीं घरें झालीं, रस्ते रुंद झाले, घरांत अंतर पडलें. तें योग्यच होतें, तक्रार नाहीं. परंतु ढाळज गेली, आणि घरोघर दूरदर्शनसंच आला.

पंचमीच्या फेरांत एकीनें ओळ म्हणावी, दुसरीनें ती झेलावी. आमच्या घरीं ओळ झेलणारी माझी थोरली वहिनी. ती त्या पहाटे गेली. पुढें कित्येक वर्षें माझी पत्नी पंचमीस गाणें आरंभी आणि अर्ध्यावर थांबे. पुढची ओळ तिला येत नसे असें नव्हे. ती आपण म्हणावयाची नाहीं, असें तिला वाटे.

गेल्या पंचमीस नातीनें मोबाईलवर आजीची ओळ ध्वनिमुद्रित करून पुण्यास माझ्या बहिणीकडे धाडली. तासाभरानें तिकडून पुढची ओळ आली, थोड्या निराळ्या चालीवर. पत्नी म्हणाली, "वन्सं, चुकलांत!" आणि तिनें स्वतः ती म्हणून दाखविली.

तेव्हांपासून जुन्या दिनदर्शिकांचे पुठ्ठे कापून मी पत्ते करितों. एकावर पूर्वार्ध, दुसऱ्यावर उत्तरार्ध. एकवीस जोड्या झाल्या आहेत. तीन पत्ते एकटे राहिले. त्यांच्यासाठीं पुठ्ठे कापून ठेविले आहेत. खेळांत नात जिंकते. तिचें मराठी शुद्धलेखन मात्र अद्यापि भयंकर आहे.