जबड्याचा सांधा आणि चेहऱ्याचें दुखणें

एखाद्या गृहस्थाचा कान दुखूं लागतो. डॉक्टर तपासून सांगतात कीं, कान निर्दोष आहे. मग दाढेवर संशय येतो. दाढ काढली जाते, आणि दुखणें मात्र जेथल्या तेथें राहतें. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण अशा वेळीं आठवते. खरा अपराधी पुष्कळदां कानाच्या अगदीं पुढें असतो. तो म्हणजे जबड्याचा सांधा.

कानाच्या छिद्रापुढें बोट ठेवून तोंड उघडलें असतां हाडाचें एक टोक सरकतांना जाणवतें. खालच्या जबड्याचें हें टोक कानशिलाच्या हाडाच्या खोबणींत बसतें, आणि दोहोंमध्यें चिवट तंतूंची एक लहानशी चकती असते. हा सांधा बिजागरीप्रमाणें फिरतो, शिवाय पुढेंही सरकतो. त्याला संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूचे फांटे कानाकडे व कानशिलाकडेही जातात. म्हणूनच सांध्याचें दुखणें कानांत भासतें.

मात्र प्रत्येक वेळीं सांधाच बिघडलेला असतो असें नाहीं. पुष्कळ रोग्यांत चावण्याचे स्नायू थकलेले असतात. ओठ मिटलेले व दांत सुटे, ही जबड्याची स्वाभाविक विश्रांति होय. चिंतेनें वा कामाच्या तंद्रींत दिवसभर दांत आवळून धरणारा, किंवा झोपेंत करकरां दांत खाणारा मनुष्य त्या स्नायूंना विसांवा देत नाहीं. सकाळीं जबडा आंबतो, कानशिलें ठणकतात, जांभई देतांना कळ येते. तोंड उघडतांना होणारा नुसता ‘कट्’ असा आवाज पुष्कळांना असतो. वेदना किंवा अडकणें नसेल तर त्याला उपचार लागत नाहीं.

या व्याधीच्या इतिहासांत एक मोठा धडा आहे. 1934 सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील कर्णवैद्य जेम्स कॉस्टन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, दाढा गेल्यामुळें जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि सांध्याचा दाब कानाजवळील भागांवर पडतो. व्याधीला त्यांचें नांव मिळालें. परंतु शरीररचनेच्या अभ्यासकांनीं ही उपपत्ति पुढें खोडून काढली. 1980 नंतर अमेरिकेंत अनेक रोग्यांची चकती काढून तिच्या जागीं टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकती बसविण्यांत आली. ती झिजली, तिच्या कणांनीं भोंवतालचें हाड पोखरलें, आणि 1990-91 च्या सुमारास तेथील अन्न व औषध प्रशासनाला ती परत घेण्याची कारवाई करावी लागली. साध्या दुखण्यासाठीं गेलेले कित्येक लोक कायमचे अधू झाले.

म्हणून आजचा विचार सावधगिरीचा आहे. बहुसंख्य रोग्यांना सौम्य उपायांनींच आराम पडतो. कांहीं दिवस मऊ भात, खिचडी यांसारखें अन्न घ्यावें. ऊस, चिक्की, सुपारी वर्ज्य करावी. ओल्या फडक्यानें शेक द्यावा. जांभई येतांना हनुवटीला हाताचा आधार द्यावा. दांत आवळले गेले आहेत काय, हें दिवसांतून अनेकदां पाहून जबडा सैल सोडावा. डॉक्टरांच्या सल्ल्यानें थोडे दिवस वेदनाशामक औषध, शिकवून घेतलेला व्यायाम, आणि जरूर तर रात्रीं दांतांवर बसवावयाची, काढघाल करतां येणारी पट्टी यांचा उपयोग होतो. दांत घासून त्यांची ठेवण बदलणें, दांत उपटणें किंवा सांधा उघडणें हे न परतणारे उपाय होत. त्यांस संमति देण्यापूर्वीं दुसऱ्या तज्ज्ञाचें मत अवश्य घ्यावें.

पण प्रत्येक जबडेदुखी सांध्याची नसते, हेंही विसरूं नये. श्रमाबरोबर जबडा दुखून छातींत दाटलें, घाम सुटला, तर तो हृदयाचा इशारा असूं शकतो. पन्नाशीपुढील माणसाला नवी डोकेदुखी सुरू होऊन चावतांना जबडा थकूं लागला व दृष्टि अंधुक झाली, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. सुपारी वा गुटखा खाणाऱ्याचें तोंड हळूहळू कमी उघडूं लागलें, तर तोंडाच्या आंतील त्वचा ताठरली आहे काय, हें तपासून घ्यावें. त्या विकारांतून पुढें कर्करोगही उद्भवूं शकतो.

हीं लक्षणें असतील तर क्षणाचाही विलंब नको. नसतील तर शस्त्राची घाई नको. थकलेल्या जबड्याला पहिलें औषध विश्रांतीचेंच.