समाजसेवेची वही
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटे दिली आहेत आणि मागच्या मांडवातून जिलेबीचा वास यायला लागला आहे, तेव्हा प्रास्ताविक गाळतो. आधी एक कबुली देतो, मग एक मागणी करतो.

नववीत आपल्याला समाजसेवेची वही होती, आठवते? तारीख, काम, तास आणि सही असे चार रकाने. ते १९८३ साल. जूनमध्ये कपिल देवच्या संघाने विश्वचषक आणला होता आणि शनिवारी शाळा सुटली की आम्ही थेट ओढ्यापलीकडच्या माळावर. वहीत मात्र ‘ओढ्याकाठची स्वच्छता, ३ तास’. एका रविवारी तर मी सात नोंदी एका बैठकीत लिहिल्या. शाई वेगळी दिसावी म्हणून धाकट्या बहिणीचे पेन मागून घेतले. सरांनी सगळ्यांवर सही केली. वर्षाच्या शेवटी मला ‘अ’ श्रेणी मिळाली. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि हसत आहेत, म्हणजे त्यांना तेव्हाही कळले असणार.

हसण्यावारी न्यावे असे इथपर्यंतच आहे. शाळेचे पटांगण तेव्हा स्वच्छ असायचे, हे खरे आहे. ते झाडायचे कोण? बोर्डिंगची मुले. पहाटे पाचला उठून खराटे घेऊन. पाहुणे यायचे असले की मुतारीही त्यांनीच धुवायची. आम्हा पेठेतल्या, दुकानदार-डॉक्टर-मास्तरांच्या मुलांच्या हातात कधी खराटा आला नाही आणि आम्हाला त्यात काही वावगेही वाटले नाही. काम त्यांचे, वही आमची, ‘अ’ श्रेणी आमची. त्यांच्यापैकी सहाजण आज या सभागृहात आहेत. त्यांची मी जाहीर माफी मागतो. चाळीस वर्षे उशीर झाला आहे.

मी पुढे शिक्षक झालो तेव्हा ही वही आली कुठून ते वाचले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताने करायच्या कामातूनच गणित, भूगोल, भाषा शिकवायची, असा तिचा गाभा. १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालात कार्यानुभव आणि समाजसेवा या दोन्ही गोष्टी शिक्षणाचा भाग म्हणून सुचवलेल्या आहेत. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे लांबलचक नाव दिले. या सगळ्यांत कुठेही ‘तास भरा आणि सही घ्या’ असे नाही. काम आणि विषय एकत्र बांधा, असे आहे. आपल्यापर्यंत पोहोचेतो विषय सुटला, काम सुटले आणि रकाने तेवढे राहिले.

शहाणा होऊन मी काही वेगळे केले असेल असे वाटेल तुम्हाला. अजिबात नाही. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी मी नववीची साठ मुले एका वस्तीत नेली. गटार साफ केले. फोटोग्राफर बोलावला होता. गटारातला गाळ आम्ही काठावर ओढून ठेवला, घोषणा दिल्या आणि परत आलो. दोन दिवसांनी वळवाचा पाऊस झाला आणि तो सगळा गाळ उंबऱ्यातून लोकांच्या घरात गेला. मी ओशाळून बघायला गेलो, तर एक मावशी घमेल्याने गाळ उपसत होत्या. म्हणाल्या, “मास्तर, पुढच्या वेळी यायच्या आधी इचारा तरी, आमाला काय पायजे.”

पुढच्या वेळी विचारले. मुलांनाच विचारायला लावले. गटाराचे नाव कोणी काढले नाही. सगळ्यांचे म्हणणे नळकोंडाळ्याबद्दल. तोट्या गळतात, पाणी तीनच तास येते, शेवटच्या घरांना पोहोचत नाही. मी विज्ञानाचा मास्तर, मला एकदम सापडल्यासारखे झाले. मुलांनी एक लिटरचे माप गळत्या तोटीखाली धरले आणि घड्याळ लावले. चाळीस सेकंदांत भरले. म्हणजे तासाला ९० लिटर, तीन तासांत २७०. एका मुलीने त्याच्या घागरी केल्या. पंधरा लिटरची एक, तर अठरा घागरी. वर्गात वेग आणि काळाची गणिते करताना झोपणारी पोरगी ही. मावशींना लिटर सांगून काही होत नव्हते, अठरा घागरी म्हटल्यावर बायका गोळा झाल्या.

मराठीच्या पेपरात औपचारिक पत्र विचारतातच, म्हणून मराठीच्या बाईंनी अर्जाचा तास तिथेच घेतला. पहिल्या अर्जाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याचेही नाही. तिसऱ्यानंतर एक माणूस येऊन बघून गेला. तोवर मुलांना धीर नव्हता. एका पालकांचे प्लंबिंगचे काम होते, त्यांनी पाना कसा धरायचा आणि वायसर कसा बदलायचा ते शिकवले. अकरांपैकी आठ तोट्या मुलांनी थांबवल्या. तीन पाइपातूनच कुजल्या होत्या, त्या राहिल्या.

पालकसभेत मला झापले गेले. “आमची पोरं काय नळवाली करायचीत?” ज्यांचे प्लंबिंगचे काम होते ते गृहस्थ त्याच सभेत बसले होते. ते काही बोलले नाहीत. मीही तेव्हा बोलायला हवे होते, बोललो नाही.

आपली एक मैत्रीण टोरंटोजवळ राहते. काल रात्री गप्पांत तिने तिकडचे सांगितले. ऑन्टारिओत १९९९ पासून शाळेचा दाखला हवा तर ४० तास समाजसेवा करावीच लागते, तीही शाळेच्या तासांबाहेर. तिचा मुलगा अन्नपेढीत डबे लावायला जायचा आणि चाळीस तास झाल्यावरही जात राहिला. त्याच्या मित्राने मात्र शेवटच्या वर्षी धावपळ करून सह्या गोळा केल्या. मला माझ्या बहिणीचे पेन आठवले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की ही गोष्ट वेळापत्रकात हवी. सुटीनंतर नको, रविवारी नको, २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी तर नकोच. आठवड्याला दोन जोडतास, वर्षभर एकच वस्ती, काम तिथल्या लोकांनी सांगितलेले आणि त्यात गणित, विज्ञान, भाषा यांचे शिक्षक सामील. तासांवर श्रेणी नाही. खराटा सगळ्यांच्या हातात, आळीपाळीने, नावे हजेरीपटाच्या क्रमाने. सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस २०२० च्या शैक्षणिक धोरणात आले आहेत. ते चांगलेच आहे, पण दहा दिवसांत ओळख होते, वायसर बदलून होत नाही. दहावीला हात लावू नका, हे मीही म्हणतो. घरोघरी त्या वर्षी काय वातावरण असते ते मला ठाऊक आहे. आठवी-नववी पुरे.

आता मागणी. आपल्या तुकडीने शाळेला कमान बांधून द्यायची असे ठरते आहे. माझी वर्गणी त्यात आहे आणि कमानीला माझा विरोध नाही, फक्त ती यंदा थांबवू या. आपल्यात दोन नर्स आहेत, एक निवृत्त तलाठी आहे, बँकेतले चौघे, एक इलेक्ट्रिशियन, आणि ओढ्यापलीकडे रोपवाटिका चालवणारा तो बोर्डिंगचा गडी आहे, ज्याला आमच्यापेक्षा या पटांगणाची माहिती जास्त. महिन्यातून एक शनिवार प्रत्येकाने दिला तर शाळेला बाहेरचा माणूस आणावा लागणार नाही. कमानीच्या पैशातून पाने, मापे, हातमोजे आणि मुलांचा विमा निघेल.

मुख्याध्यापक बाईंशी सकाळी बोललो. त्यांनी आठवीची एक तुकडी देऊ केली आहे, शनिवारचे पहिले दोन तास. पहिल्या दिवशी मुले फक्त विचारायला जातील, हातात काही न घेता. पुढच्या शनिवारी साडेसातला शाळेच्या फाटकापाशी मी उभा असेन. कोण कोण येणार ते पंगतीत बसण्याआधी मला सांगा, माझ्याकडे वही आहे. तिला सहीचा रकाना नाही.